पोराचं वय काय?



‘रिमांड होम’ हे दोन इंग्रजी शब्द आमच्या जुन्या शहरात शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. पोरगं फारच मस्तीला आलं की ओट्यावरून आवाज येतो, "लय मस्ती करशीन तं रिमांड होममंधी टाकून देईन!" पोरगं तेवढ्यापुरतं गप्प बसतं. गंमत अशी की हा शब्द कायद्यातून केव्हाच गेला. आता त्याला ‘निरीक्षणगृह’ म्हणतात. ‘बालगुन्हेगार’ म्हणायचे नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचे. आणि त्याच्यापुढे नुसते कोर्ट नसते, ‘बाल न्याय मंडळ’ असते. (जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसालाही ‘विधिसंघर्षग्रस्त’ एका दमात म्हणता येत नाही!)

नावे बदलली, कायदे बदलले. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत या सगळ्या कायद्यांचा पहिला प्रश्न एकच राहिला आहे: पोराचं वय काय? त्याने काय केले, कोणाचे किती नुकसान झाले, हे सगळे नंतर. आणि या प्रश्नाचे उत्तर वकिलाकडे नसते, पोलिसाकडे नसते. ते बहुतेक वेळा एखाद्या गावातल्या शाळेच्या कपाटात, दाखल-खारीज रजिस्टरात असते. आयुष्य शाळेत गेलेल्या माणसाला या इतिहासात रस वाटतो तो याचमुळे.

सुरुवात १८५० पासून करू. कंपनी सरकारने त्या वर्षी शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. दहा ते अठरा वर्षांची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुले एखाद्या कारागिराकडे करार करून बांधून द्यायची, म्हणजे ती हातचा धंदा शिकतील. याच सुमारास मुंबईत अशा मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. १८५७ मध्ये बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची देणगी तिला मिळाली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती संस्था मुंबईत आजही आहे.

१८६० च्या दंडसंहितेने दोन रेघा मारल्या. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीच गोष्ट गुन्हा नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याची समज नसेल, तर तोही गुन्हा नाही. ही दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण या दोन रेघा तिच्यातही कलम २० आणि २१ म्हणून तशाच आहेत.

मात्र बारा वर्षे उलटलेल्या पोराचे काय? १८६४ मध्ये फटक्यांचा कायदा आला. कोवळ्या वयाच्या गुन्हेगाराला तुरुंगात पाठवण्याऐवजी वेताचे फटके मारून सोडून द्यावे, अशी त्यात सोय होती. आणि याला ‘दया’ समजले जाई! तुरुंगात पक्क्या चोरांच्या संगतीत राहण्यापेक्षा दहा फटके बरे, असा हिशेब. ही फटक्यांची शिक्षा आपल्याकडे १९५५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षांनी रद्द झाली.

मग येते १८९७ साल. या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. पहिली, सुधारशाळांचा कायदा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत तीन ते सात वर्षे ठेवावे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तिथे ठेवू नये. (हा कायदा फक्त मुलग्यांचा होता, मुलींचा त्यात विचारच नव्हता.) दुसरी गोष्ट, गुन्हेगार जमातींच्या १८७१ च्या कायद्यात झालेली दुरुस्ती. ज्या जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता, त्यांची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली.

दोन्हीकडे शब्द ‘सुधार’च. पण पहिल्या कायद्यात पोराने निदान काही तरी केलेले असायला हवे होते. दुसऱ्यात त्याचा गुन्हा एवढाच की तो त्या घरी जन्मला. पहिल्या कायद्यात वय हे संरक्षण होते, दुसऱ्यात तेच वय पकडायचे निमित्त झाले. पारधी समाजाने हा शिक्का पिढ्यान् पिढ्या सोसला. कागदावर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. लोकांच्या मनातून किती पुसला गेला, ते आपण वऱ्हाडातले लोक जाणतोच.

आता आपल्या वऱ्हाडाकडे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे दिला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. तेव्हा अकोल्याच्या पोराचे भवितव्य मुंबईत नव्हे, नागपुरात ठरू लागले. १९१९-२० च्या तुरुंग समितीने सांगितले, की मुलांची जागा तुरुंग नव्हे, त्यांच्यासाठी न्यायालयेही वेगळी हवीत. मग एकेका प्रांताने आपला ‘मुलांचा कायदा’ केला. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये आणि आपल्या मध्यप्रांताने १९२८ मध्ये.

माझ्या मते ही या इतिहासातली सर्वांत मोठी उडी. तोपर्यंत न्यायाधीश विचारी, "याने काय केलं?" आता विचारायचे होते, "याच्या घरी कोण आहे?" त्यासाठी परिविक्षा अधिकारी नावाचा माणूस आला. त्याने पोराच्या घरी जायचे, बाप काय करतो, आई आहे की नाही, पोरगं शाळेत जातं का, हे पाहायचे आणि न्यायालयाला सांगायचे. गुन्हा न केलेली पण बेवारस, भीक मागणारी मुलेही याच कायद्याखाली आली. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचे रिमांड होम तिच्याकडे आले. डोंगरीचे नाव पुढे सिनेमांनीच घरोघरी पोचवले.

पण या प्रांतिक कायद्यांत एक मोठी मेख होती. कायदा पास झाला म्हणजे तो लागू झाला असे नव्हे. सरकार जिथे अधिसूचना काढील तिथेच तो चालायचा. म्हणजे शहरातल्या पोराला बालन्यायालय आणि खेड्यातल्या पोराला साधे कोर्ट आणि साधा तुरुंग! शिवाय प्रत्येकाची वयाची रेघ वेगळी. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने आपला कायदा नव्याने केला. १९५६ मध्ये विदर्भ त्या राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. देशात कुठे सोळा वर्षांपर्यंत मूल, कुठे अठरा वर्षांपर्यंत. गाडी राज्याची हद्द ओलांडून गेली की डब्यातल्या पोराचे बालपण दोन वर्षांनी कमी-जास्त व्हायचे!

हे चव्हाट्यावर आणले मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. देशभरच्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची किती मुले आहेत याची विचारणा करत त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या निकालात न्यायालयाने बजावले, की मुलांना तुरुंगात ठेवू नका, आणि राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी संसदेनेच एक कायदा करावा. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. मुलगा सोळापर्यंत, मुलगी अठरापर्यंत. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला मान्यता दिली. त्या अनुषंगाने २००० चा नवा कायदा आला आणि १ एप्रिल २००१ पासून मुलगा असो की मुलगी, रेघ अठरावर आली.

आता प्रश्न असा, की ही रेघ पोराच्या कपाळावर कुठे लिहिलेली असते? तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना विचारतो, तुमच्या घरात १ जून किंवा १ जुलैला जन्मलेले किती जण आहेत? हमखास दोन-चार निघतील. आमच्या पिढीतले अर्धे वऱ्हाड त्याच दिवशी जन्मलेले आहे! आईला तिथी आठवे, तारीख नाही. "पोयाच्या दुसऱ्या दिवशी झाला", "मोर्णेला पूर आल्ता त्या साली", "लाल मिलो खाल्ला त्या दुष्काळात". कोतवाल बुकात नोंद असली तर असली. गावच्या गुरुजींनी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानापर्यंत नेऊन बघायचा. कान पकडता आला की पोरगं सहा वर्षांचं. मग शाळा उघडायच्या दिवसांतली एखादी तारीख धरून, अंकी आणि अक्षरी लिहून, खाली सही. एकदा लिहिले की खोडतोड नाही.

त्या गुरुजींना वाटत असेल की आपण फक्त पहिलीत नाव घालतो आहोत. पण आजच्या कायद्यात (२०१५ चा, कलम ९४) वयाचा पुरावा म्हणून पहिला मान याच शाळेच्या दाखल्याला आणि दहावीच्या प्रमाणपत्राला आहे. तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरांकडून हाडांची तपासणी.

दोन उदाहरणे देतो. दोन्ही ऐकताना मन अस्वस्थ होते, हे आधीच सांगतो.

१६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना कोण विसरेल? त्या सहा आरोपींतला एक साडेसतरा वर्षांचा निघाला. जानेवारी २०१३ मध्ये बाल न्याय मंडळाने ते मान्य केले ते त्याच्या गावच्या शाळेच्या कागदावरून. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला आणि देशात संतापाची लाट उसळली. सुटकेनंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठराची रेघ राहिली, पण सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल, तर मंडळाने त्याची समज तपासावी आणि वाटल्यास मोठ्यांसारखा खटला चालवण्यासाठी पाठवावे, असे दार उघडले.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. १९९४ मध्ये पुण्यात एका घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन लहान मुलांची हत्या झाली. भयंकर प्रकार. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्यात त्याचे वय विशीचे धरले होते. वर्षांमागून वर्षे गेली. तुरुंगात तो शिकला, एम.ए. झाला. आणि मग राजस्थानातल्या त्याच्या मूळ गावच्या शाळेतली नोंद पुढे आली. तिच्यानुसार गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता! पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, ती नोंद खरी ठरली. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले आणि तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत.

ज्या घरची सात माणसे गेली त्यांचे दुःख या निकालाने तसूभरही कमी होत नाही. पण विचार करा, साडेबारा वर्षांचे पोरगं म्हणजे सहावी-सातवीतले. गुन्हा झाला तेव्हा लागू असलेल्या १९८६ च्या कायद्यानेही त्याला फाशी देता आली नसती. म्हणजे कायदा होता, रेघ होती, कागदही होता. फक्त तो कागद उघडून पाहायला माणूस नव्हता. एखाद्या गुरुजींनी कधी तरी लिहिलेली एक ओळ फाशीच्या दोरापेक्षा मजबूत ठरली... पण फार उशिरा.

मग ज्यांचे नाव कोणत्याच रजिस्टरात नाही, त्यांचे काय? हाडे तपासून वय नेमके कळत नाही. १९८२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की त्यात दोन वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. सोळा की अठरा हा ज्याच्या जन्माचा प्रश्न आहे, त्याला दोन वर्षे म्हणजे सगळेच आले. आणि अशी मुले कोणाची? स्टेशनावर भीक मागणाऱ्यांची, पालावर राहणाऱ्यांची, हंगामासाठी गाव सोडणाऱ्यांची. म्हणून मला अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याची ‘प्रश्नचिन्ह’ शाळा फार मोलाची वाटते. फासेपारधी समाजातलेच मतीन भोसले जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडून बाहेर पडले, स्टेशनांवर आणि सिग्नलांवर भीक मागणारी मुले गोळा केली आणि २०१२ मध्ये ही शाळा उभी केली. पुढे समृद्धी महामार्गात तिचा काही भाग गेला. १८९७ मध्ये सरकारने याच मुलांना ‘सुधारायला’ आईबापांपासून तोडायची तजवीज केली होती. इथे त्यांच्याच माणसाने त्यांचे नाव पहिल्यांदा हजेरीवर घेतले. बाल न्याय म्हणून मला विचाराल तर तो इथून सुरू होतो.

वयाच्या रेघेची दुसरी बाजूही वऱ्हाडातच दिसते. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. टाकून दिलेली, मतिमंद, मूकबधिर, अंध अशी शंभरावर मुले त्यांनी वाढवली आणि बापाच्या जागी स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचे जुने गाऱ्हाणे वेगळेच आहे. अठरा पूर्ण झाली की कायदा म्हणतो, हे आता बालक नाही. मग ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याने जायचे कुठे? अनुरक्षणाची सोय आहे, ती साधारण एकविसापर्यंत. अशा बेवारस दिव्यांगांना आयुष्यभर संस्थेतच राहता यावे असा कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. अठराची जी रेघ एकाला फाशीपासून वाचवते, तीच दुसऱ्याला घराबाहेर काढते.

आता थोडे अलीकडचे. १९ मे २०२४ ला पुण्यात भरधाव महागड्या गाडीने दोन तरुण जीव घेतले. गाडी चालवणारा अठराला काही महिने कमी. मंडळाकडून जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध! महाराष्ट्र पेटून उठला. जन्मभर निबंध तपासलेल्या माणसाला हसावे की रडावे कळेना. त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळला.

अशा वेळी ‘रेघ खाली आणा’ ही मागणी होते. संताप मला समजतो. पण त्या प्रकरणात लोक चिडले ते पोराचे वय सतरा धरले म्हणून नव्हे. बापाजवळ पैसा असला की कायदा मऊ होतो, असे लोकांना दिसले म्हणून. गरिबाच्या पोराच्या वेळी हाच कायदा कसा वागतो? सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये मंडळांतल्या आणि समित्यांतल्या रिकाम्या जागा भरा म्हणून सरकारांना सांगितले. २०२२ मध्ये सांगितले, की सोळा-सतराच्या मुलाची समज तपासणे हे नाजूक काम आहे, त्यात मानसशास्त्र जाणणाऱ्यांची मदत घ्या. १९२८ मध्ये ज्या परिविक्षा अधिकाऱ्याने घरी जाऊन पाहायचे ठरले होते, तो शंभर वर्षे होत आली तरी प्रत्येक पोराच्या दारात पोचलेला नाही. माणूस नेमायचा नाही आणि रेघ मात्र हलवायची, हा सोपा मार्ग झाला. सोळा-सतराची पोरे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहेत. अंगाने बाप्यासारखी, आणि बाकाखाली कोणी खडू फेकला म्हणून वर्गातच हमरीतुमरीवर येणारी. त्यांना शिक्षा हवी असते, नाही असे नाही. पण त्यांच्याबद्दल कायमचा निकाल लिहायचे ते वय नव्हे.

असो. शेवटी कामाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेत प्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा. म्हणजे कानाला हात लावून तारीख ठरवण्याचा गुरुजींचा अधिकार संपला, आणि १ जूनवाल्यांची पिढीही आमच्याबरोबर संपेल. चांगलेच आहे. पण उशिरा दाखला काढणे आता सोपे राहिलेले नाही. २०२५ मध्ये उशिराच्या दाखल्यांवरून राज्यात मोठा गदारोळ झाला, त्यात आमच्या अकोल्याचेही नाव आले, आणि तपासण्या कडक झाल्या. तेव्हा तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला, शेतावरच्या सालदाराला, बांधकामावरच्या मजुराला नातू झाला, तर पेढा खाताना एवढे विचारा, "दाखला काढला का?" नसेल काढला तर पहिल्या एकवीस दिवसांतच सोबत जाऊन काढून द्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणि तुमच्या घरातल्या १ जूनवाल्यांच्या गोष्टी जरूर कळवा. खरी तारीख कोणाला सापडली असेल, तर तीही!